दुपटीचा हिशोब

१८९४ साली नाताळच्या आदल्या दिवशी स्वान्ते अऱ्हेनियस हा स्वीडिश शास्त्रज्ञ स्टॉकहोममध्ये एक लांबलचक आकडेमोड करायला बसला. ती संपायला त्याला जवळजवळ वर्ष लागले. प्रश्न हिमयुगाचा होता. उत्तर युरोप एके काळी जाड बर्फाखाली गाडला गेला होता, हे भूशास्त्रज्ञांनी तोवर सिद्ध केले होते. पृथ्वी इतकी थंड का पडली, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हते. हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याने असे घडले असेल काय, अशी अऱ्हेनियसला शंका होती. हा वायू आणि पाण्याची वाफ जमिनीतून निघणारी उष्णता अडवतात, हे जॉन टिंडलने १८५९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोग करून दाखवले होते. पण अडवतात म्हणजे नेमकी किती अडवतात? त्यासाठी लागणारी मोजमापे अऱ्हेनियसला चंद्राकडून मिळाली. अमेरिकेत सॅम्युएल लँग्लीने चंद्रावरून येणारी उष्णता अतिशय नाजूक उपकरणाने मोजून ठेवली होती. चंद्र क्षितिजाजवळ असला की त्याचे किरण पुष्कळ हवा ओलांडून येतात, माथ्यावर असला की कमी. या दोन मोजमापांतल्या फरकात हवा किती उष्णता गिळते याचे उत्तर दडलेले होते. अऱ्हेनियसने ते शोधून काढले, पृथ्वीचे अक्षांशांनुसार पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्याचे, प्रत्येक ऋतूचे गणित कागदावर हाताने केले. त्याच काळात त्याचा संसार मोडला. आकडेमोड मात्र पूर्ण झाली.

एप्रिल १८९६ मध्ये छापून आलेल्या त्याच्या निबंधात दोन उत्तरे होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड जवळपास निम्म्यावर आला, तर हिमयुगाइतकी थंडी पडू शकते, हे पहिले. आणि तो दुप्पट झाला, तर पृथ्वीचे सरासरी तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढेल, हे दुसरे. पहिले उत्तर त्याला हवे होते. दुसरे आपल्या वाट्याला आले.

त्या दुसऱ्या आकड्याला आज हवामान संवेदनशीलता म्हणतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तिथेच थांबला आणि सगळे पुन्हा स्थिरस्थावर होईपर्यंत वाट पाहिली, तर पृथ्वीचे सरासरी तापमान किती अंशांनी वाढलेले असेल, एवढाच हा प्रश्न. किती कोळसा जाळायचा, किनाऱ्यावरची शहरे किती उंचीवर बांधायची, पुढच्या शतकात कुठे काय पिकेल, अशा असंख्य प्रश्नांचा धागा शेवटी या एका आकड्याला जाऊन मिळतो. आज त्याचे सर्वांत विश्वासार्ह उत्तर ३ अंश असे आहे. प्रयोग करून पाहायला दुसरी पृथ्वी नसताना हे उत्तर कसे काढले आणि त्यावर किती विसंबायचे, हा या प्रकरणाचा विषय.

अऱ्हेनियसच्या गणितावर पहिला घाव त्याच्याच देशबांधवाने घातला. १९०० साली क्नूट ऑंगस्ट्रॉमने एका नळीत कार्बन डायऑक्साइड भरून तिच्यातून उष्णतेचे किरण सोडले. वायूचे प्रमाण घटवले तरी शोषणात फारसा फरक पडला नाही. याचा अर्थ, हवेत आधीच असलेला वायू अडवता येईल तेवढी उष्णता अडवून बसला आहे, आणखी टाकून काही होणार नाही. हा आक्षेप पुढे बराच काळ टिकला. आजही तो नव्या कपड्यांत समोर येतो, म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

पृथ्वीची उष्णता अवकाशात निसटते ती बहुतांशी हवेच्या वरच्या थरांतून, जिथे हवा पुरेशी विरळ झालेली असते. खालच्या थरांत किरण पुनःपुन्हा शोषले जातात आणि पुनःपुन्हा बाहेर फेकले जातात. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की उष्णता ज्या उंचीवरून निसटते ती उंची वर सरकते. वरची हवा अधिक थंड असते आणि थंड थर कमी उष्णता बाहेर टाकतो. सूर्याकडून येणारी ऊर्जा तेवढीच, बाहेर जाणारी कमी. हा जमाखर्च पुन्हा जुळेपर्यंत खालचे सगळे तापत राहते. नळीतल्या प्रयोगात ही उंची नव्हतीच. गिल्बर्ट प्लासने १९५६ मध्ये संगणकाच्या मदतीने हवेचे थर वेगवेगळे धरून हिशोब मांडला, तेव्हा आक्षेपातला जीव गेला. ऑंगस्ट्रॉमच्या म्हणण्यातला एक अंश मात्र खरा होता. वायू जसजसा वाढतो तसतसा त्याच्या प्रत्येक नव्या भागाचा परिणाम कमी होत जातो. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २८० चे ५६० भाग झाले काय आणि ५६० चे ११२० झाले काय, तापमानवाढ साधारण तेवढीच. म्हणून शास्त्रज्ञ दुपटीच्या हिशोबात बोलतात.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. ते ५६० झाले, तर पृथ्वीच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४ वॅट इतकी ऊर्जा आत अडकून राहते, म्हणजे तेवढा भार पडतो. हा आकडा प्रयोगशाळेतल्या मोजमापांवर उभा आहे आणि त्याबद्दल फारसा वाद नाही. बाकी काहीच बदलले नाही, फक्त पृथ्वी तापली आणि तापल्यामुळे जास्त उष्णता बाहेर टाकू लागली, तर १.२ अंशांच्या वाढीत हा जमाखर्च जुळतो. हेही जवळपास निर्विवाद आहे.

पण बाकी काहीच बदलले नाही, असे कधी होत नाही. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते आणि बाष्प स्वतःच उष्णता अडवणारा वायू आहे. तापलेल्या पृथ्वीवर बर्फ वितळतो, पांढऱ्या पृष्ठभागाच्या जागी गडद समुद्र आणि जमीन उघडी पडते, ती जास्त ऊन शोषते. एका बदलाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने पुन्हा पहिल्याला खतपाणी घालायचे, या प्रकाराला फीडबॅक म्हणतात. १.२ अंशांचे ३ अंश होतात ते या फीडबॅकमुळे, आणि सगळी अनिश्चितताही तिथेच आहे.

बाष्पाचा हिशोब प्रथम नीट बसवला तो स्युकुरो मानाबे यांनी. १९५८ मध्ये जपानहून अमेरिकेत आलेल्या या तरुणाने रिचर्ड वेदरल्डबरोबर १९६७ मध्ये हवेच्या एकाच उभ्या स्तंभाचे प्रारूप संगणकावर चालवले. जमिनीपासून वरपर्यंतचे थर, त्यांतली उष्णतेची देवाणघेवाण, तापलेल्या हवेचे वर चढणे आणि तापमानाबरोबर वाढणारे बाष्प एवढेच त्यात होते. उत्तर आले २.३ अंश. इतक्या साध्या मांडणीतून इतके चांगले उत्तर निघावे, याचे कारण मानाबे यांना काय गाळायचे हे अचूक कळले होते, असे मला वाटते. १९७५ मध्ये त्यांनी आणि वेदरल्ड यांनी त्रिमितीय प्रारूप चालवले, तेव्हा उत्तर ३ अंशांच्या किंचित खाली आले. २०२१ मध्ये मानाबे यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७९ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी काही शास्त्रज्ञांना पाच दिवसांसाठी एकत्र बसवले. अध्यक्ष होते एमआयटीचे ज्यूल चार्नी. राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागाराला या प्रश्नाचे खरेखोटे जाणून घ्यायचे होते. चार्नींपुढे दोन गटांची प्रारूपे होती. मानाबे यांची तेव्हाची प्रारूपे साधारण २ अंश सांगत होती, नासातल्या जेम्स हॅन्सन यांची ४ अंश. समितीने दोन्ही बाजूंना अर्ध्या अंशाची मोकळीक ठेवली आणि लिहिले, दीड ते साडेचार, बहुधा ३ च्या जवळ.

पाच दिवसांत ठरलेली ही मर्यादा जवळपास चाळीस वर्षे हलली नाही. हवामान बदलावरच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाचा १९९० चा पहिला अहवाल घ्या, दीड ते साडेचार. २००७ मध्ये खालची बाजू २ वर नेली, २०१३ मध्ये ती पुन्हा दीडवर आणली आणि सर्वाधिक संभाव्य आकडा देण्याचेही टाळले. दरम्यान संगणक कैक पटींनी वेगवान झाले, उपग्रह आले, हजारो निबंध लिहिले गेले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की या क्षेत्रात काही प्रगतीच नाही. आणि ज्यांना काहीही करायचे नव्हते त्यांना या रुंद मर्यादेने चांगलाच आधार दिला. दीड अंश खरा निघाला तर फार धावपळ करायला नको, असे म्हणायची सोय होती.

अडचण होती ढगांची.

कोणत्याही क्षणी पृथ्वीचा सुमारे दोन तृतीयांश भाग ढगांखाली असतो. ढग एकाच वेळी दोन उलटी कामे करतात. वरून येणारे ऊन परतवतात आणि खालून जाणारी उष्णता अडवतात. यांपैकी कोणते काम मोठे, हे १९८० च्या दशकापर्यंत कोणी मोजलेले नव्हते. ते मोजणाऱ्या उपग्रह मोहिमेचे निष्कर्ष १९८९ मध्ये भारतात जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे वीरभद्रन रामनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. एकंदरीत ढग पृथ्वीला थंड ठेवतात. आजच्या मोजमापांनुसार हा थंडावा दर चौरस मीटरमागे सुमारे २० वॅट आहे, म्हणजे दुपटीने पडणाऱ्या भाराच्या पाचपट. ढगांमध्ये काही टक्क्यांचा फरक पडला तरी सगळा हिशोब का बदलतो, हे यावरून कळावे.

आता अडचण अशी की ढगातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढा आणि जागतिक प्रारूपाचा एकेक चौकोन अनेक किलोमीटरचा, पुष्कळदा शंभर किलोमीटरचा. त्या चौकोनात ढग बसतच नाही. त्याचे वागणे सूत्रांनी अंदाजाने भरावे लागते. ही सूत्रे दोन गटांनी दोन प्रकारे लिहिली की एकाचे उत्तर २ आणि दुसऱ्याचे ४ येते. म्हणून ढग प्रत्यक्ष मोजायला पर्याय नाही. महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, एक प्रयोगशाळा उभारली आहे. पावसाळ्यात तिथे ढग जमिनीला टेकतात आणि विमान न उडवता थेंब व त्यांच्या गाभ्यातले धूलिकण तपासता येतात. तिथला पावसाळा पाहिलेल्या कोणालाही ही जागा का निवडली हे सांगावे लागणार नाही.

संवेदनशीलतेच्या हिशोबात सर्वांत महत्त्वाचे ठरले ते समुद्रावरचे खालचे ढग. कॅलिफोर्निया, पेरू आणि नामिबिया यांच्या किनाऱ्यांसमोर थंड पाण्यावर अशा ढगांचे प्रचंड पांढरे थर पसरलेले असतात. समुद्र तापला की वरची कोरडी हवा या थरांत अधिक मिसळते, थर विरळ होतात, ऊन थेट पाण्यावर पडते. हे तापमान वाढवणारे फीडबॅक आहे. उंचावरच्या ढगांची गोष्ट निराळी. गडगडाटी ढगांचे सपाट माथे तापलेल्या हवेत आणखी उंच चढतात, पण चढूनही त्यांचे तापमान जवळपास तेच राहते. खालची जमीन तापली तरी ढगाच्या माथ्यावरून निसटणारी उष्णता वाढत नाही. म्हणजे हेही तापवणारेच.

मग हे फीडबॅक कितीपर्यंत जाऊ शकते? व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातले छोटे कापसासारखे ढग तापमानवाढीत झपाट्याने नाहीसे होतील, असे काही प्रारूपे सांगत होती आणि त्यांची उत्तरे म्हणूनच मोठी येत होती. हे तपासायला २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत बार्बाडोस बेटाजवळ एक मोठी मोहीम झाली. एक जर्मन विमान उंचावरून मोठ्या वर्तुळात फिरत हवेचे तापमान, ओलावा आणि वारा मोजणारी छोटी उपकरणे पॅराशूटने खाली सोडत होते, एक फ्रेंच विमान ढगांच्या तळाशी उडत होते, जहाजे समुद्रावरून मोजमाप करत होती. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. हवेच्या मिसळण्याने हे ढग त्या प्रारूपांना वाटले तसे वाळून जात नाहीत. वरच्या टोकाचे आकडे त्यामुळे दुबळे झाले.

ढगांनी सर्वांत मोठा चकवा दिला तो दक्षिण महासागरावर. तिथले ढग शून्याच्या खाली असूनही त्यांतले पुष्कळसे पाणी गोठलेले नसते. जुन्या प्रारूपांत त्या ढगांमध्ये बर्फ फार होता. तापमान वाढले की प्रारूपातला तो बर्फ थेंबांत बदले, थेंबांचा ढग अधिक चमकदार म्हणून ऊन जास्त परते, आणि तापमानवाढीला आपोआप लगाम बसे. उपग्रहांनी दाखवले की तिथे मुळातच थेंब अधिक आहेत. प्रारूपे सुधारली, लगाम सैल झाला आणि २०१९ च्या सुमारास नव्या पिढीतल्या काही प्रतिष्ठित प्रारूपांची उत्तरे थेट ५ अंशांच्या वर गेली. अनेकांना धक्का बसला. एक चूक दुरुस्त केली की तिने झाकून ठेवलेली दुसरी चूक उघडी पडते, असे विज्ञानात होते. तसेच येथे झाले आहे काय, हे ठरवायला प्रारूपांबाहेरचा पुरावा हवा होता.

असा पहिला पुरावा गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या थर्मामीटरच्या नोंदींचा. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही करू शकेल असा हा हिशोब आहे. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत १.१ अंशाने तापलेली होती. हे घडवून आणणारा, सर्व मानवी कारणे धरून निघणारा भार सुमारे २.७ वॅट. यातले ०.८ वॅट अजून समुद्रात मुरत आहेत. जाड बुडाचे पातेले चुलीवर ठेवले तर आच लागताच पाणी उकळत नाही, तसे समुद्राचे आहे. शिल्लक ऊर्जेपैकी सुमारे ९० टक्के तोच पोटात घेतो. हा आकडा कळला तो समुद्रात सोडलेल्या आर्गो नावाच्या सुमारे ४,००० तरंगत्या यंत्रांमुळे. ती दोन किलोमीटर खोल बुडी मारून वर येतात आणि उपग्रहाला तापमान कळवतात. हिंद महासागरातली काही यंत्रे भारताने सोडलेली आहेत. तर २.७ मधून ०.८ वजा केले की उरले १.९. एवढ्या वॅटला १.१ अंश, तर ४ वॅटला किती? साधारण २.३ अंश.

इतके सोपे असते तर हा प्रश्न कधीच सुटला असता. अडचण त्या २.७ वॅटमध्ये आहे. हरितगृह वायूंचा भार ३.८ च्या आसपास आहे. त्यातून धूर आणि सल्फेटचे सूक्ष्म कण सुमारे १.१ वॅट वजा करतात. हे कण ऊन परतवतात आणि ढगांचे थेंब बारीक करून त्यांना अधिक पांढरे करतात. पण त्यांचा परिणाम नीट मोजता आलेला नाही. एकूण भार २ वॅटही असू शकतो आणि साडेतीनही. पहिला धरला तर आपल्या हिशोबाचे उत्तर ३.७ येते, दुसरा धरला तर १.६. संपूर्ण जुना वाद या एका वजाबाकीत सापडतो.

या धुराशी आपला संबंध जवळचा आहे. १९९९ मध्ये रामनाथन आणि पॉल क्रुट्झन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या हिंद महासागर मोहिमेत भारताच्या दक्षिणेला समुद्रावर तीन किलोमीटर जाडीचा धुरकट थर आढळला. आयआयटीएमच्या पुढाकाराने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. ही वाढ जगाच्या सरासरीपेक्षा कमी दिसते, त्याला हवेतले हे कण अंशतः कारण आहेत. धूर कमी करायलाच हवा, तो माणसांना मारतो. मात्र तो कमी होताना झाकलेली उष्णता प्रकट होईल, हे आपल्या धोरणकर्त्यांनी आजच हिशोबात धरायला हवे.

थर्मामीटरच्या नोंदीत आणखी एक फसवणूक आहे आणि ती अलीकडेच नीट उमगली. प्रशांत महासागराचा पश्चिम भाग गेल्या काही दशकांत चांगला तापला, पूर्वेकडचा विस्तीर्ण भाग आणि दक्षिण महासागर मात्र मागे राहिले. पश्चिमेला वर चढलेली उबदार हवा उंचावरून सगळीकडे पसरते. खाली थंड पाणी आणि वर उबदार हवा, अशा स्थितीत पूर्वेचे खालचे ढग उलट वाढतात. त्यांनी काही काळ तापमानवाढ रोखून धरली. पूर्वेचा समुद्र कधी ना कधी तापेल, तेव्हा हे ढग विरळ होतील. म्हणजे आजवरच्या नोंदींवरून काढलेला २.३ हा आकडा खऱ्यापेक्षा कमीच असणार.

ज्वालामुखींनीही एक चाचणी घेऊन दिली. जून १९९१ मध्ये फिलिपीन्सच्या पिनाटुबोने सुमारे दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड आकाशात फेकला. पुढच्या वर्षी पृथ्वी जवळपास अर्ध्या अंशाने थंड झाली आणि हवेतले बाष्पही घटले. बाष्पाचे फीडबॅक बंद ठेवून चालवलेल्या प्रारूपात एवढी थंडी पडत नाही. चालू ठेवले की पडते. मानाबे यांनी १९६७ मध्ये गृहीत धरलेली गोष्ट निसर्गाने करून दाखवली.

दुसरा मोठा पुरावा अऱ्हेनियसच्या मूळ प्रश्नातून येतो. त्याच्याकडे हिमयुगाची हवा नव्हती, आपल्याकडे आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात दरवर्षीच्या हिमाबरोबर हवेचे बुडबुडे अडकत गेले. डोम सी या ठिकाणी तीन किलोमीटरहून अधिक खोल भोक पाडून काढलेल्या बर्फात गेल्या आठ लाख वर्षांची हवा सापडली. शेवटचे हिमयुग ऐन भरात होते तेव्हा, सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, हवेत कार्बन डायऑक्साइडचे १९० च्या आसपास भाग होते.

त्या वेळचे तापमान समुद्राच्या तळाच्या गाळातून कळते. फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांच्या कवचात मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअम यांचे प्रमाण पाण्याच्या तापमानानुसार बदलते. काही शेवाळे तापमानानुसार वेगवेगळ्या रचनेचे मेद बनवतात. गोव्यात दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही या कवचांवरून जुन्या समुद्राचा अभ्यास होतो. अशा पुराव्यांवरून हिमयुगातली पृथ्वी औद्योगिकपूर्व पृथ्वीपेक्षा ५ ते ७ अंशांनी थंड होती असे दिसते. कॅनडावर काही किलोमीटर जाडीचा बर्फ होता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होती.

पुन्हा कागद घेऊ. कमी झालेले वायू, ऊन परतवणारे बर्फाचे प्रचंड थर आणि हवेतली धूळ, सगळे मिळून ऊर्जेत सुमारे ८ वॅटची घट. तिने तापमान सुमारे ६ अंशांनी खाली आणले. ८ वॅटला ६ अंश, तर ४ वॅटला ३ अंश. थंडीत फीडबॅक अगदी गरमीतल्यासारखे चालत नाहीत, म्हणून हा हिशोब ढोबळ आहे. तरी बार्बाडोसच्या ढगांशी किंवा भारताच्या धुराशी काडीचाही संबंध नसलेल्या मार्गाने आपण त्याच आकड्यापाशी येतो. त्या ५ अंशांहून अधिक उत्तर देणाऱ्या नव्या प्रारूपांपैकी एकाला हिमयुगाची स्थिती देऊन चालवले, तेव्हा पृथ्वी ११ अंशांहून अधिक थंड झाली. गाळातली कवचे तसे सांगत नाहीत. प्रारूपातल्या ढगांमध्येच काही बिनसले होते.

या सगळ्या धाग्यांची गाठ मारायचे काम २०१५ मध्ये बव्हेरियातल्या रिंगबर्ग किल्ल्यात भरलेल्या बैठकीत सुरू झाले. पुढे सिडनीचे स्टीव्हन शेरवूड यांच्यासह २५ शास्त्रज्ञांनी पाच वर्षे त्यावर घालवली. त्यांनी विचारलेला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. संवेदनशीलता दीड अंशच असेल, असे समजा. तसे असायला ढगांबद्दल आपण काय काय चुकीचे मोजलेले असले पाहिजे? थर्मामीटरच्या नोंदी कुठे चुकल्या असल्या पाहिजेत? आणि हिमयुगाच्या गाळात काय चूक असली पाहिजे? उत्तर असे की तिन्ही ठिकाणी मोठ्या चुका आणि त्याही नेमक्या एकाच दिशेने झालेल्या असायला हव्यात. हे पुरावे वेगवेगळ्या उपकरणांतून, वेगवेगळ्या काळांतून आणि वेगवेगळ्या भौतिकशास्त्रातून आलेले आहेत. त्यांच्या चुकांना एकमेकींशी संगनमत करण्याचे कारण नाही. वरच्या टोकाला हाच युक्तिवाद लागू होतो, पण थोडा कमी जोराने. २०२० मध्ये त्यांनी दिलेली मर्यादा २.६ ते ३.९ अंश होती.

पुढच्या वर्षी आयपीसीसीच्या सहाव्या अहवालाने तोच मार्ग धरला. बहुधा २.५ ते ४, सर्वाधिक संभाव्य ३. दीडपेक्षा जास्त असणे जवळपास निश्चित. या अहवालासाठी जगभरातून आलेल्या प्रारूपांत पुण्याच्या आयआयटीएमचेही होते, भारतातून सहभागी झालेले पहिले. संवेदनशीलता ठरवताना मात्र या वेळी प्रारूपांची सरासरी काढली नाही; मोजमापांनी त्यांची परीक्षा घेतली आणि काही नापास झाली. या क्षेत्राच्या चाळीस वर्षांतले हे सर्वांत मोठे यश आहे असे मी मानतो. ते मिळाले एकमेकांचे काम निर्दयपणे तपासणाऱ्या माणसांमुळे, आणि त्याची बातमी वर्तमानपत्रांत फारशी आली नाही याचे मला वाईट वाटते.

वरची बाजू अजून पुरती बंद झालेली नाही. ५ अंशांची शक्यता लहान आहे, शून्य नाही, आणि तापमानाबरोबर होणारे नुकसान सरळ रेषेत वाढत नसल्याने त्या लहान शक्यतेचे ओझे मोठे आहे. शिवाय ३ अंश हा आकडा समुद्र पुरता तापून झाल्यानंतरचा आहे. दुपटीच्या क्षणी प्रत्यक्षात १.८ अंशांच्या आसपास वाढ झालेली असेल. उरलेली पुढच्या पिढ्यांच्या नावावर, शतकानुशतके.

तेव्हा यापुढे कोणी तुम्हाला सांगितले की किती तापमान वाढणार हे शास्त्रज्ञांचेच अजून ठरलेले नाही, तर त्यांना एवढेच विचारा की कुठल्या दोन आकड्यांमध्ये ठरलेले नाही. अडीच आणि चार यांच्यामध्ये वाद आहे. दीड अंशाचा दिलासा त्यात आता नाही. हवेत आज दहा लाख भागांत सुमारे ४२५ भाग कार्बन डायऑक्साइड आहे आणि दरवर्षी दोन-तीन भागांची भर पडते आहे. हा वेग असाच राहिला तर आज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हयातीत ५६० चा आकडा गाठला जाईल.